सिस्टीम आली, पण आकडा अजून साहेबांच्या एक्सेलमध्येच

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कंपनीत स्टॉक आणि डिस्पॅचसाठी नवीन सिस्टीम आली. ती चालू करून घ्यायची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडली, आणि तुम्हाला तिथे येऊन जेमतेम दोन वर्षं झालीत. प्लॅनिंगचे साहेब वीस वर्षं जुने. तीनदा ट्रेनिंग झालं, तरी ते रोजचं काम स्वतःच्या एक्सेलवर करतात आणि सिस्टीममधल्या एंट्र्या महिनाअखेरीला एकदम मारून मोकळे होतात. हाताखालची मुलं त्यांचं बघून तेच करतात. एमडींच्या कानावर घातलं तर ‘तुम्ही आपसात बघून घ्या’ म्हणाले. आता साहेबांना तयार कसं करायचं, आणि चौथं ट्रेनिंग ठेवावं का, असं तुम्ही विचारताय.

चौथं ट्रेनिंग ठेवू नका. महिनाअखेरीच्या त्यांच्या एंट्र्या बिनचूक असतात हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे त्यांना सिस्टीम येते. येत असून वापरत नाहीत, तेव्हा कारण दुसरीकडे शोधायला हवं. तुमच्या प्रश्नात एक वाक्य जाता जाता आलंय, माझ्या मते सगळं त्यातच आहे: ‘एमडी सर रोज सकाळी साहेबांनाच फोन करून स्टॉक विचारतात.’

मी बरीच वर्षं अशा सिस्टीम बसवून देण्याचं काम करते. जास्त करून कारखाने आणि गोडाऊन, अधूनमधून हॉस्पिटलं. कुठेही गेले की सॉफ्टवेअर उघडण्याआधी मी एकच गोष्ट शोधते: इथे आकडा हवा असला की लोक कोणाकडे जातात? त्या माणसाच्या शेजारी खुर्ची टाकून दोन दिवस बसलं की निम्मं काम कळतं.

अशाच एका प्लॅनरच्या एक्सेलचं सांगते. एका मालाचे ४०० बॉक्स गोडाऊनला पडलेले होते. सिस्टीममध्ये ४०० दिसत होते आणि सगळे मोकळे. त्यांच्या शीटवर मात्र २५० मोकळे आणि १५० पिवळ्या रंगात. पिवळं म्हणजे काय, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. विचारलं तेव्हा कळलं, एक जुनं गिऱ्हाईक दर महिन्याला वीस तारखेनंतर, तेही फोनवर, ऑर्डर देतं, आणि माल दुसऱ्या दिवशी गेला नाही तर थेट वर तक्रार करतं. म्हणून १५० बाजूला. मी बसलेली असतानाच सेल्सचा एक मुलगा आला. ‘साहेब, शंभर जास्तीचे मिळतील का?’ साहेब शीटकडे न बघताच म्हणाले, ‘बघतो.’ पाच मिनिटांनी त्याला फोन करून हो म्हणाले.

त्या ‘बघतो’मध्ये त्यांची सगळी पत होती. सेल्सवाला त्यांच्या टेबलापाशी येतो, जरा अदबीने बोलतो, त्यांचं काम अडलं तर मदतीला धावतो, ते या एका शब्दामुळे. सिस्टीम सुरू झाली की तोच मुलगा आपल्या जागेवर बसून ४०० बघणार आणि ४०० बुक करणार. कोणाला विचारायची गरजच नाही. आता पुढचा भाग बघा. वीस तारखेला त्या गिऱ्हाइकाचा फोन येतो, माल संपलेला असतो, आणि बोलणी कोणाला बसतात? सेल्सवाल्याला नाही, प्लॅनिंगला.

थोडक्यात, अधिकार गेला आणि जबाबदारी जागच्या जागी राहिली. अशा सौद्याला कुठलाही शहाणा माणूस हो म्हणणार नाही. तोंडावर नाही म्हणणंही त्याला परवडत नाही, कारण वरून हुकूम आलेला असतो. मग तो मधला मार्ग काढतो: महिनाअखेरीला एंट्र्या. हुकूमही पाळला जातो आणि ‘बघतो’ही शाबूत राहतं. तुमच्या साहेबांचं नेमकं हेच चाललं असेल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, मी त्यांना पाहिलेलं नाही. पण तुम्ही दिलेल्या खुणा याच दिशेला बोट दाखवतात.

यात नवीन काहीच नाही. एम. लिन मार्कस या अमेरिकन संशोधिकेने १९८३ साली एका मोठ्या कंपनीतल्या हिशेबाच्या सिस्टीमचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. आधी प्रत्येक विभागाचे अकाउंटंट आपापल्या वह्या ठेवायचे आणि मुख्यालयाला गोळाबेरीज पाठवायचे. नवीन सिस्टीमने सगळ्या नोंदी एका ठिकाणी आणल्या, त्यामुळे मुख्यालयातले अकाउंटंट विभागांचे आकडे परस्पर बघू लागले. मुख्यालय खूश. विभागवाल्यांनी मात्र जुन्या वह्या सोडल्या नाहीत. सॉफ्टवेअर एकच होतं आणि दोन्हीकडची माणसं हिशेबात सारखीच मुरलेली. फरक एवढाच की एका बाजूचं वजन वाढत होतं आणि दुसऱ्या बाजूचं घटत होतं.

त्याआधी, १९६० च्या दशकात, मिशेल क्रोझिए या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने तिथल्या सरकारी तंबाखू कारखान्यांबद्दल लिहिलं होतं. तिथे प्रत्येक गोष्टीला नियम होता, बेभरवशाची बाब फक्त एक: मशीन बंद पडणं. ते दुरुस्त करता यायचं फक्त मेंटेनन्सच्या माणसांना, आणि ती माहिती ते आपल्यातच ठेवायचे. हुद्द्याच्या मानाने त्यांचा दरारा कितीतरी मोठा होता. तुमच्याकडे मशीनच्या जागी ‘मोकळा माल नक्की किती’ हा प्रश्न आहे, इतकंच.

आता एक इशारा. हे सगळं वाचून ‘म्हणजे साहेब खुर्चीसाठी अडून बसलेत’ असा अर्थ काढू नका. त्या शीटमधले १५० पिवळे बॉक्स ही अडवणूक नव्हती, अनुभव होता, आणि तो सिस्टीममध्ये कुठेच उतरलेला नव्हता. ‘सिस्टीमवर भरवसा नाही’ असं तुमचे साहेब म्हणतात ना, त्यात निम्मं तथ्य असणार असं धरूनच चाला. जिथे जिथे मी असं वाक्य ऐकलं, तिथे खोदल्यावर काही ना काही खरं निघालंच: कुठे बॉक्स आणि नगाचा घोळ, कुठे परत आलेला माल मोकळ्या मालात धरलेला, कुठे रिझर्वेशन नावाची सोय होती पण चालूच केलेली नव्हती.

‘टेक्नॉलॉजीला विरोध’ हा शिक्का मारायची घाई म्हणूनच नको. इंग्रजीत अशा विरोधकाला ज्यांच्या नावावरून ‘लडाइट’ म्हणतात ते लडाइट कामगारसुद्धा सरसकट यंत्रद्वेष्टे नव्हते. १८११ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशरमध्ये त्यांनी मोजे विणायचे माग फोडले. पण ते माग काही नवीन नव्हते, त्यांचा शोध १५८९ चा. मजुरी पाडणाऱ्या आणि त्याच मागांवर हलक्या प्रतीचा माल काढणाऱ्या मालकांवर त्यांचा राग होता. भांडण यंत्र कोणाच्या फायद्यासाठी आणि कोणत्या अटींवर चालतं याचं होतं.

तुम्ही काय करायचं हे दोन-तीन गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या तुम्हालाच तपासाव्या लागतील. पहिली, सिस्टीममधला आकडा खरोखर बरोबर आहे का. कुठलेही वीस आयटम घ्या, गोडाऊनमध्ये जाऊन स्वतः मोजा, सिस्टीमशी आणि साहेबांच्या शीटशी ताडून बघा. शीट जास्त बरोबर निघाली तर तूर्त साहेबांना बदलायला सांगायचा अधिकार तुम्हाला नाही, आधी सिस्टीम दुरुस्त करा. दुसरी, या सिस्टीममुळे कोणाची नोकरी जाणार आहे का. जाणार असेल, किंवा तशी कुजबुज जरी असेल, तर माझा पुढचा सल्ला फारसा लागू पडणार नाही. पोटावर पाय येत असताना कोणी स्वतःच्या हाताने माहिती भरून देत नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणंही बरं नाही. तिसरी आणि सगळ्यात मोठी, एमडींना ही सिस्टीम खरंच हवी आहे का.

एमडींचं जरा सविस्तर बोलू, कारण तुम्ही त्यांच्याकडे ‘साहेब वापरत नाहीत’ अशी तक्रार घेऊन गेलात आणि त्यांनी ती तुमच्याकडे परत टोलवली. त्यांच्या बाजूने बघा. त्यांना रोज सकाळी आकडा मिळतोय, झटपट आणि बरोबर. त्यांची काही अडचणच नाही! जोवर एका फोनवर काम होतंय, तोवर कंपनीतला प्रत्येक माणूस एकच गोष्ट शिकतोय: खरा आकडा साहेबांकडे आहे, सिस्टीम ऑडिटसाठी आहे. तुमची शंभर ट्रेनिंगं एका पारड्यात आणि सकाळचा तो फोन दुसऱ्या पारड्यात.

म्हणून एमडींकडे परत जा, पण या वेळी तक्रार नको, एकच मागणी हवी. अशी काहीतरी: ‘सर, पुढच्या सोमवारपासून सकाळचा स्टॉक तुम्ही स्क्रीनवर बघाल का? आकडा चुकीचा वाटला तर साहेबांना जरूर फोन करा, पण विचारा की स्क्रीनवर असं का दिसतंय.’ फरक छोटा वाटेल. पण पहिल्या पद्धतीत फोन साहेबांच्या शीटला जात होता, दुसऱ्या पद्धतीत तो सिस्टीमबद्दल आहे, आणि उत्तर द्यायला साहेबांना सिस्टीम अद्ययावत ठेवावीच लागते. शिवाय फोन साहेबांनाच जातोय, तुम्हाला नाही. त्यांची जागा कोणी घेतलेली नाही. रिव्ह्यू मीटिंगलाही हाच नियम: प्रोजेक्टरवर सिस्टीमचा रिपोर्ट, प्रिंट काढून आणलेली शीट चालणार नाही. हे एमडींनीच म्हणायला हवं. तुम्ही म्हणालात तर तो उद्धटपणा ठरेल.

एमडी तयार झाले की त्यांच्याकडून दुसरी गोष्ट मिळवा, आणि ही जास्त अवघड आहे. राखीव मालाचा निर्णय कोणाचा, हे त्यांनी ठरवून लेखी द्यावं. माझं मत स्पष्ट आहे: तो प्लॅनिंगकडेच राहावा. सिस्टीममध्ये १५० बॉक्स रिझर्व्ह दाखवायचे, रिझर्वेशन टाकायचा आणि काढायचा अधिकार फक्त साहेबांच्या लॉगिनला, आणि शेजारी कारण लिहायची जागा. सेल्सवाल्याला २५० दिसतील. शंभर जास्तीचे हवेत तर त्याने रिक्वेस्ट टाकावी, साहेबांनी हो किंवा नाही म्हणावं. ‘बघतो’ गेलं नाही, फक्त ते आता सगळ्यांच्या डोळ्यांसमोर म्हणावं लागेल. पूर्वीइतकी मोकळीक राहणार नाही हे खरं आहे, आणि ते साहेबांपासून लपवू नका. त्याच्या बदल्यात त्यांना एक गोष्ट मिळते: वीस तारखेला माल कमी पडला तर तो कोणी, कधी, कोणाच्या सांगण्यावरून उचलला याची नोंद असते. विनाकारण बोलणी खाल्लेल्या माणसाला या नोंदीची किंमत लगेच कळते.

साहेबांशी बोलायचं कसं, हा नाजूक भाग. स्टीफन बार्ली यांनी अमेरिकेतल्या दोन हॉस्पिटलांत सीटी स्कॅनर नवीन आला तेव्हाचं निरीक्षण १९८६ साली प्रसिद्ध केलं. एका ठिकाणी मशीन चालवणारे टेक्निशियन आधीपासून अनुभवी होते आणि बरेचसे डॉक्टर त्यात नवखे. डॉक्टर चुकीची सूचना द्यायचे, टेक्निशियनला ते कळायचं, पण डॉक्टरला शिकवणार कसं? मग ते उत्तर प्रश्नाच्या रूपात द्यायचे, चोरून शिकवल्यासारखं. दोघांनाही त्यात अवघडल्यासारखं व्हायचं, आणि हळूहळू डॉक्टरांनी कंट्रोल रूममध्ये थांबणंच कमी केलं. दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये मशीन तशाच प्रकारचं असूनही सूत्रं बराच काळ डॉक्टरांकडे राहिली. माझ्या कामात मला यातला एकच भाग रोज दिसतो: वरिष्ठाला कनिष्ठासमोर नवखं दिसावं लागलं, की तो वाद घालत बसत नाही, तो तिथून निघून जातो. तुमची तिन्ही ट्रेनिंगं मीटिंग रूममध्ये, त्यांच्याच मुलांच्या देखत झाली ना? मुलं पटापट क्लिक करतायत आणि साहेब मेन्यू शोधतायत, हे चित्र त्यांना परत नको असणार.

तेव्हा त्यांच्या टेबलापाशी जा, गर्दी नसेल अशा वेळी. लॅपटॉप नेऊ नका, त्यांच्याच मशीनवर त्यांची शीट उघडायला सांगा. रंगांचे अर्थ विचारा आणि लिहून घ्या. मग विचारा: ‘साहेब, यातलं काय काय सिस्टीममध्ये नाही?’ हा प्रश्न खोटा नको, त्यांचं उत्तर घेऊन सॉफ्टवेअरवाल्यांकडून खरोखर बदल करून आणा. सगळं जमणार नाही. पण दोन मुद्दे जरी पंधरा दिवसांत झालेले दिसले, तरी पुढचं बोलणं वेगळ्या सुरात होतं. नियम त्यांच्या नावाने जाऊ द्या: ‘रिझर्वेशनची पद्धत साहेबांनी ठरवली’ असं मेलमध्ये लिहा. काहीजणांना हे लोणी लावणं वाटतं. मला नाही वाटत, कारण पद्धत खरंच त्यांची असते, तुम्ही ती फक्त सिस्टीममध्ये उतरवता.

हाताखालच्या मुलांना विसरू नका. सध्या दोन्हीकडे एंट्री करायचा भार त्यांच्यावरच असणार: दिवसभर एक्सेल, महिनाअखेरीला रात्री बसून सिस्टीम. त्यांना सिस्टीम नकोशी होते ती यामुळे, आणि ती मोकळेपणी बोलणारही नाहीत, कारण त्यांची रजा आणि त्यांचा वार्षिक शेरा साहेबांच्या हातात. एक तारीख ठरवा, त्या दिवसापासून शीट फक्त बघण्यापुरती, त्यात काही लिहायचं नाही. ही तारीख साहेबांना निवडू द्या, आणि महिनाअखेर किंवा स्टॉक मोजणीच्या आठवड्यात ती येणार नाही एवढं बघा. तारखेविना ‘हळूहळू बंद करू’ म्हटलं की दोन्ही कायम चालू राहतात.

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही विचारलंय की उशिरा झालेल्या एंट्र्यांचा लॉग काढून एमडींना दाखवू का. नको. मोह मला समजतो, पुरावा हातात आहे. पण तो एकदा तसा वापरला की सगळ्यांना समजतं, ही सिस्टीम आपल्यावर नजर ठेवायला आहे. पुढच्या महिन्यात एंट्र्या वेळेवर येतील आणि त्यात अंदाजाने भरलेले आकडे असतील. मोजमापालाच लक्ष्य केलं की ते मोजमाप कामाचं राहत नाही, अशा अर्थाचा नियम अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी तो १९७५ साली चलनविषयक धोरणाबद्दल मांडला होता, गोडाऊनमध्ये तो जास्तच लवकर खरा ठरतो. उशिराच्या एंट्र्यांचा लॉग स्वतः वाचा, कोणत्या टप्प्यावर काम अडतंय ते शोधायला. नावं घेऊन वर पाठवू नका.

आणि तुमच्या स्वतःच्या जागेबद्दल एक बोलायचं राहिलं. तुम्ही स्वतःला मधल्या मध्ये अडकलेला निरोप्या समजताय, पण साहेबांच्या नजरेतून तुम्ही तसे नाही. ॲडमिन लॉगिन तुमच्याकडे आहे. कोणाला काय दिसेल हे तुम्ही ठरवता, एमडींना रिपोर्ट तुम्ही पाठवता. दोन वर्षांच्या माणसाला वीस वर्षांच्या माणसाचं काम उघडून बघता येतं. तुमच्या मनात तसं काही नसलं तरी बदलात जिंकणारी बाजू तुमची दिसते. म्हणून रिपोर्ट एमडींना जाण्याआधी साहेबांना जाऊ द्या, एक दिवस आधी, चूक असेल तर दुरुस्त करायला. त्यांच्या विभागातले अधिकार बदलण्याआधी त्यांना विचारा. शक्य असेल तर त्यांच्या विभागापुरतं ॲडमिन लॉगिन त्यांनाच द्या.

एमडींच्या होकाराशिवाय हे का जमत नाही तेही सांगते. एमी एडमंडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ हॉस्पिटलांत हृदयशस्त्रक्रियेचं एक नवीन तंत्र कसं रुजलं ते तपासलं, अभ्यास २००१ चा. त्या तंत्रात सर्जनला पूर्वीपेक्षा जास्त गोष्टी टीमकडून कळून घ्याव्या लागत. कोणती टीम लवकर शिकली हे सर्जनच्या नावलौकिकावरून किंवा हॉस्पिटलच्या प्रतिष्ठेवरून ठरलं नाही. सर्जनने टीमला बोलायला किती मोकळीक दिली, आणि हे आपल्या सगळ्यांना नव्याने शिकायचंय हे स्वतः मान्य केलं का, यावर बरंच ठरलं. तुमच्याकडे ते मान्य करणारा माणूस एमडी आहेत. ‘मीसुद्धा आता स्क्रीनवर बघायला शिकतोय’ हे त्यांनी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, तर साहेबांना मेन्यू शोधताना कमीपणा वाटायचं कारण उरत नाही.

आणि एमडी नाहीच म्हणाले, फोन चालूच ठेवला तर? मग निदान सध्या तरी कंपनीला ही सिस्टीम हिशेबापुरती हवी आहे असं समजा. ते कंपनीचं धोरण आहे, तुमचं अपयश नाही, आणि ते बदलायला तुमचा हुद्दा पुरणार नाही. महिनाअखेरीऐवजी आठवड्याला एंट्री, एवढ्यावर साहेबांशी ठरवा. एमडींना एक साधा मेल टाका: आकडे दर शनिवारी अद्ययावत होतात, रोजचा स्टॉक सिस्टीमवर मिळणार नाही. पुढे कधी ‘इतका खर्च करून रोजचा स्टॉक का दिसत नाही’ असा प्रश्न आला, तर तो मेल तुमच्याकडे असेल.